गारठ्यातली दुचाकी : खानदेशातील हिवाळी प्रवासाची खबरदारी

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा बरेचदा ८ ते १० अंशांवर असतो आणि दुपारी तोच ३० अंशांच्या आसपास पोचतो. धुळ्यात काही हिवाळ्यांत तो ५ अंशांच्याही खाली उतरला आहे. समुद्र दूर, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र, त्यामुळे जमीन रात्री झपाट्याने निवते. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर असल्याने थंड, जड हवा तापीच्या खोऱ्यात साचून राहते. ऊन चढले की गारठा ओसरतो. म्हणूनच इथला दुचाकीचा हिवाळी धोका मुख्यतः सूर्यास्तानंतरचा आणि सकाळी आठ-नऊपर्यंतचा आहे. नेमके याच वेळी दूधवाले, पेपर टाकणारी मुले, केळी कापणीला निघालेले मजूर, पहिल्या पाळीचे कामगार आणि सकाळच्या क्लासचे विद्यार्थी रस्त्यावर असतात. ज्याला तासभर उशिरा निघणे जमते, त्याच्यासाठी तोच सर्वांत स्वस्त उपाय आहे. इतरांना मात्र तयारीनेच निघावे लागते.

थंडीचा पहिला परिणाम शरीरावर होतो. ८ अंशांच्या हवेत ताशी ५० किलोमीटरने जाताना उघड्या कातडीला २-३ अंशांइतका गारवा जाणवतो. छाती-पोटातली ऊब राखण्यासाठी शरीर हातापायांचा रक्तपुरवठा कमी करते आणि बोटे बधिर होतात. दुचाकीचा पुढचा ब्रेक, क्लच आणि इंडिकेटर तर बोटांवरच चालतात. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी ८ मीटर हातचे जातात. लोकरीच्या स्वेटरमधून वारा आरपार शिरतो, म्हणून त्यावर जर्किन किंवा साधा रेनकोट चढवावा. हातमोजे पूर्ण बोटांचे हवेत, पण ब्रेकचा दाब कळणार नाही इतके जाड नकोत. मफलर, शाल, ओढणी आणि पदर यांची टोके आत खोचलेली असावीत. चेनमध्ये किंवा चाकात अडकलेले कापड गळ्याला फास लावते. बोटे आखडू लागली की थांबून चहा घ्यावा, हात चोळावेत. शेतातली भरीत पार्टी उरकून रात्री परतताना मद्याने ऊब येते, हा समज घातक आहे. मद्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. ऊब भासते, पण शरीराची उष्णता उलट लवकर बाहेर पडते. शिवाय भान सुटते ते वेगळेच.

जाड कानटोपीवर हेल्मेट चढवले तर ते डोक्यावर घट्ट बसत नाही आणि आपटल्यावर निसटू शकते. त्याऐवजी पातळ कापडी टोपी पुरते. जून २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या दुचाकी हेल्मेटवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट आवश्यक आहे. त्याहून लहान मुलांसाठी हेल्मेट, चालकाशी बांधणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. श्वासाने काचेवर वाफ धरते तेव्हा काच बोटभर उघडी ठेवावी. काळी काच रात्री आणि धुक्यात वापरू नये.

वारा पडलेल्या निरभ्र रात्री ओल्या जमिनीलगतची हवा निवून धुके धरते. तापी, गिरणा आणि पांझरेचे काठ, तसेच रावेर, यावल, चोपडा भागातला केळीचा बागायती पट्टा ही त्याची ठिकाणे. मोकळ्या रस्त्यावरून जाताना पुलाजवळ किंवा बागेलगत धुके अचानक समोर येते. अशा वेळी अप्पर लाइट लावल्यास प्रकाश धुक्यावरून उलटून डोळ्यांवर येतो, म्हणून डिपरच ठेवावा. वेगाचा हिशेब सोपा आहे : जितके दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे. कोरड्या रस्त्यावर ताशी ४० ला थांबायला साधारण २५ मीटर लागतात, ६० ला सुमारे ४५. तीस मीटरच दिसत असेल, तर ६० चा वेग म्हणजे डोळे मिटून चालवणे होय.

धुक्याइतकाच गंभीर धोका अंधारातल्या ट्रॉलीचा आहे. हिवाळ्यात कापूस, मका, ऊस आणि केळी एकाच वेळी रस्त्यावर येतात. कापसाचे बोचके बाहेर लोंबले की मागचा दिवा झाकला जातो. कित्येक ट्रॉल्यांना दिवा नसतोच. समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात डोळे दिपले असताना अशी उभी किंवा संथ ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच दिसते. झोत आला की आधी वेग कमी करावा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी. ट्रॉलीमालकाने मागे लाल परावर्तक पट्ट्या चिकटवणे हा थोड्या पैशांचा पण जीव वाचवणारा उपाय आहे. दुचाकीस्वारानेही मागचा दिवा पुसलेला ठेवावा आणि जर्किन किंवा दप्तरावर परावर्तक पट्टी लावावी. एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. जुन्या गाडीवाल्यांनी तो स्वतः लावावा.

पहाटे दव पडलेला रस्ता कोरडा भासतो, पण तसा नसतो. शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेली काळी माती दवाने भिजली की घसरडी होते. रंगवलेले पट्टे, रेल्वेचे रूळ आणि सांडलेले डिझेल यांवरही चाक सुटते. अशा जागी वळणाआधीच वेग उतरवावा आणि दोन्ही ब्रेक हलके, एकत्र दाबावेत.

ऊन आले की अंधाराची जागा तिरीप घेते. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव हा महामार्ग जवळजवळ पश्चिम-पूर्व धावतो. एरंडोलहून जळगावला नोकरीला जाणाऱ्याच्या डोळ्यांवर सकाळी जाताना आणि संध्याकाळी परतताना, दोन्ही वेळा खाली आलेला सूर्य असतो. उलट दिशेने जाणाऱ्याची पाठ सूर्याकडे असते. त्याला स्वच्छ दिसते, पण समोरच्या चालकाला तो दिसत नाही. ओव्हरटेक करणाऱ्या वाहनाने आपल्याला पाहिले आहे, असे या वेळी गृहीत धरू नये.

संक्रांतीच्या सुमारास आडव्या आलेल्या मांजाने गळा चिरतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो सापडतोच. त्या दिवसांत वस्तीतून हळू जावे, गळ्याला जाड कापड गुंडाळावे आणि हेल्मेटची काच खाली ठेवावी.

गाडीकडेही लक्ष हवे. तापमान १० अंशांनी उतरले की टायरमधली हवा सुमारे २ पीएसआयने कमी भरते, म्हणून ती सकाळी, टायर थंड असतानाच तपासावी. जुनी बॅटरी थंडीत दम तोडते. इंजिन सुरू झाल्यावर मिनिटभर थांबावे, तेवढ्यात आरसे आणि दिव्यांवरचे दव पुसून होते.

अपघात झालाच तर १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये, पाणी पाजू नये. अंगावर शाल, चादर, मिळेल ते पांघरावे, कारण शरीर गार पडले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि रक्तस्राव वाढतो. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.