बाग असावी उन्हाळ्याच्या बेताची

दिवाळीनंतर कुणाच्याही अंगणात डोकावून पाहा. डेलिया, पिटुनिया, फ्लॉक्स अगदी डोळ्यांत भरतात. आणि आपण, मैत्रिणींनो, तिथंच फसतो! कारण होळी पेटली की ही सगळी पाहुणेमंडळी निघून जातात आणि मागं उरतात वाळलेल्या काड्या. आपल्या सोलापूर-लातूरकडे तर एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून बागेचा बेत करायचा तो मे महिना डोळ्यांपुढं ठेवून.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. घर बांधलं तेव्हा 'ह्यां'ना हिरवळीची फार हौस. नर्सरीवाल्यानं कोरियन हिरवळ गळ्यात मारली. दिसायला मखमल, पण पसरायला अतिशय सावकाश आणि जागोजागी उंचवटे. पाणी दोन दिवसांआड यायला लागलं आणि ती पिवळी पडली. पुढच्या उन्हाळ्यात निम्मी उरली, रिकाम्या जागेत लव्हाळा माजला.

तेव्हा मी हिशेब मांडला. तो तुम्हीही मांडा. भर उन्हाळ्यात हिरवळ हिरवीगार राहायची तर चौरस मीटरला रोज सुमारे पाच लिटर पाणी लागतं. म्हणजे दहा फूट बाय वीस फुटांच्या तुकड्याला नव्वदएक लिटर, चांगल्या सहा बादल्या! 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं होतं, ते आठवलं की सहा बादल्या गवतावर ओतताना हात कचरतो. टँकर मागवून हिरवळ राखणं मला तरी पटत नाही.

मग काय लावलं? साधी हरळी! माझा शेतकरी भाऊ पोट धरधरून हसला. म्हणाला, "ताई, आम्ही जन्मभर हीच खणून काढतो आणि तू हौसेनं लावतेस!" पण शेतातला तिचा दुर्गुण तोच अंगणातला गुण. वरून करपली तरी जमिनीखालच्या काड्या जिवंत असतात, पहिल्या पावसात पुन्हा फुटतात. मेमध्ये ती तपकिरी दिसली तर दिसू द्या, घाबरून जाऊ नका. आठवड्यातून एकदा भिजवली तरी तग धरते.

लावण्याआधी मात्र जमीन खणून, पाणी देऊन पंधरा दिवस तशीच ठेवा. लव्हाळा वर आला की गाठीसकट खणून काढा. नुसती पात उपटलीत तर गाठ आत राहते आणि तो पुन्हा हजर! असं दोनदा करा. काळी माती असेल तर वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. पाऊस सुरू झाला की हरळीचे पेरं असलेले तुकडे चार-चार बोटांवर खोचून पायानं दाबून घ्या. ऊन भरपूर हवं. आंब्याखाली ती विरळच राहणार, तिथं सरळ फरशी घाला. उन्हाळ्यात अगदी बुडाशी कापू नका, दोन बोटं तरी उंच राहू द्या.

आता फुलझाडं. एकदा लावली की वर्षानुवर्षं साथ देणारीच घ्या. जास्वंद गावठी, लाल, एकेरी. मोठ्या फुलांच्या संकरित जाती दिसतात देखण्या, पण फार नाजूक. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला की साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून फांद्या पुसाव्या. तगर कुठंही येते. अबोलीला थोडी सावली द्यावी. सदाफुली तर भिंतीच्या फटीतही उगवते. बोगनवेलीला उलट पाणी जास्त झालं की नुसता पालाच येतो, तहानलेली असली म्हणजे रंगानं भरते. कण्हेर ऐन उन्हात फुलते खरी, पण तिचं पान-फूल-बी सगळंच विषारी. घरात रांगतं मूल असेल तर ती नकोच.

मोगऱ्याचं थोडं विस्तारानं सांगते, कारण "आमचा मोगरा फुलतच नाही" ही तक्रार घरोघरी ऐकू येते. डिसेंबर-जानेवारीत त्याचं पाणी तोडा, पानं गळू द्या, मग फांद्या निम्म्यानं छाटा. बुंध्याभोवतीची माती हलकेच उकरून शेणखत घाला आणि मगच पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्यांनी लगडतो! विश्रांती दिली नाही तर तो नुसता पाल्यानं वाढत राहतो.

या सगळ्यांना तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी पुरतं. कपड्यांचं सोड्याचं पाणी मात्र रोज एकाच झाडाला घालू नका, जमीन खारावते. बुंध्याशी वाळलेल्या पाल्याचा थर दिला की ओल टिकते.

आणि हो, हरळी म्हणजेच आपल्या दूर्वा. भाद्रपदात आळीतल्या साऱ्याजणी माझ्याकडे जुड्या न्यायला येतात. तेव्हा एका कोपऱ्यातली हरळी श्रावणापासून कापायची नाही, एवढं लक्षात ठेवा.