शनिवारवाड्याचं भाडं किती हो?

तुळशीचं लग्न आटोपलं की माझा फोन वाजायला लागतो. जुन्या वास्तूंवर चार लेख काय लिहिले, लोकांना वाटतं साऱ्या वाड्यांच्या किल्ल्या माझ्याच कनवटीला आहेत. "मुलीची इच्छा आहे, लग्न ऐतिहासिक जागीच करायचं. शनिवारवाड्याचं भाडं किती असतं हो?" शनिवारवाडा भाड्यानं मिळत नाही, असं सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं : "अहो, पैसे टाकले की सगळं मिळतं. सरकारनं २०१९ मध्ये किल्लेसुद्धा लग्नाला द्यायचं ठरवलं होतं की!"

हा गैरसमज आता इतका पिकलाय, की एकदाच नीट सोलून ठेवतो.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये बातमी आली, ती राज्यातले २५ किल्ले हेरिटेज हॉटेलांसाठी देण्याची. त्यातच लग्नसमारंभांचा उल्लेख होता. महाराष्ट्रभर गदारोळ झाला. शिवरायांशी निगडित असलेल्या संरक्षित किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. लोकांच्या लक्षात बातमी राहिली, खुलासा वाहून गेला. शिवाय रायगड, शिवनेरी, शनिवारवाडा ही केंद्र संरक्षित स्मारकं आहेत, त्यांचा ताबा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. जे राज्याच्या ताब्यातच नाही, ते राज्य भाड्यानं देणार कसं?

अशी केंद्र संरक्षित स्मारकं देशात ३,६०० हून अधिक आहेत. त्यांना १९५८ चा कायदा आणि १९५९ चे नियम लागू होतात. नियम सातवा शंकेखोरांनी जरूर काढून वाचावा. संरक्षित स्मारकात सभा, स्वागतसमारंभ, मेजवानी, परिषद किंवा करमणुकीचा कार्यक्रम केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. 'रिसेप्शन' हा शब्द मूळ इंग्रजी नियमात चक्क लिहिलेला आहे. नियम करणाऱ्यांना साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच तुमचा फोन येणार हे कळलं असावं. सूट आहे ती त्या जागी चालत आलेल्या धार्मिक प्रथेला. केटररची पंगत आणि डीजे त्या सुटीत बसत नाहीत.

"पण शनिवारवाड्यावर कार्यक्रम होतात की, आम्ही स्वतः पाहिलेत." पाहिले असतील. ते दिल्ली दरवाजाच्या बाहेरच्या पटांगणात. आत आणि बाहेर यात फरक असतो, हे पुणेकरांना मी सांगावं?

आगाखान पॅलेसबद्दल विचारणारेही आहेत. हिरवळ सुंदर, कमानी सुंदर, मान्य. पण गांधीजी १९४२ ते ४४ तिथं स्थानबद्ध होते. महादेवभाई आणि कस्तुरबा तिथंच गेले, दोघांच्या समाध्या आवारात आहेत. तिथं वरातीची घोडी आणायची आहे का, एवढं विचारलं की समोरचा माणूस बहुधा फोन ठेवतो.

मात्र याचं दुसरं टोकही तितकंच चुकीचं : 'ऐतिहासिक जागी लग्न म्हणजे बेकायदाच.' तसं मुळीच नाही. पुण्याहून दिवे घाट चढून गेलं की जाधवगड लागतो. पिलाजी जाधवरावांनी १७१० मध्ये बांधलेली ही गढी आज हेरिटेज हॉटेल आहे, तिथं रीतसर लग्नं लागतात. महापालिकेच्या हेरिटेज यादीतल्या वास्तूतही लग्नाला सरसकट बंदी नसते. बंधन असतं ते मूळ बांधणीत फेरफार करण्यावर. म्हणून वास्तू किती जुनी हा प्रश्न नंतर, आधी विचारायचं ती कुणाची. खाजगी वाडा असेल तर शहरात प्रॉपर्टी कार्ड आणि गावात सातबारा बघा. एका भावानं बयाणा घ्यायचा आणि सीमांतपूजनाच्या दिवशी दुसऱ्यानं दिंडी दरवाजाला कुलूप लावायचं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. कुलूप निघालं, पण मुहूर्त टळला.

बाकीचे गैरसमज फुटकळ आहेत, भराभर उरकतो.

'तिकीट काढलं की प्री-वेडिंग शूट करता येतं.' तिकीट बघण्याचं असतं. हातातल्या कॅमेऱ्यानं फोटो काढणं वेगळं आणि स्टँड, छत्र्या, दिवे आणून शूटिंग करणं वेगळं. त्याला स्वतंत्र परवानगी लागते. फोटोग्राफर 'माझी ओळख आहे' म्हणाला, तर ती ओळख कागदावर मागा.

'ड्रोन फोटोग्राफरचा, जबाबदारी त्याची.' २०२१ च्या नियमांनुसार २५० ग्रॅमहून जड ड्रोनची नोंदणी लागते आणि धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे पायलटचं प्रमाणपत्रही. पोलीस आले की चौकशी यजमानापासूनच सुरू होते.

'जास्त मेगापिक्सेल म्हणजे चांगला फोटो.' आपल्याकडचा १२ बाय ३६ चा अल्बम उघडला की एका बाजूचं पान १२ बाय १८ इंचांचं. ३०० डीपीआयनं हिशेब केला तर २० मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत.

'पैसे आम्ही दिले तरी कॉपीराइट फोटोग्राफरचाच.' उलट आहे. १९५७ च्या कायद्याचं कलम १७ सांगतं की मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो. पण करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच! फोटोग्राफरच्या छापील करारात बहुतेक वेळा ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि सही करताना आपण चहा पीत असतो.

राहता राहिला माझा लाडका : 'वास्तूच इतकी देखणी आहे, फोटो कुणीही काढेल.' छे! जुना वाडा ही फोटोग्राफरची परीक्षा असते. हॉलचं पांढरं छत फ्लॅशचा उजेड परत खाली टाकतं. सागवानी तक्तपोशी तो गिळते, आणि उरलासुरला परत देते तो तपकिरी करून. त्यातून मुहूर्त गोरज असला तर चौकात निळसर संधिप्रकाश, ओसरीवर पिवळे दिवे आणि वधूच्या चेहऱ्यावर दोन्ही. म्हणून इन्स्टाग्रामवरचे निवडक तीस फोटो बघून भुलू नका. अशाच अंधाऱ्या वाड्यातलं एक संपूर्ण लग्न, अक्षतांपासून पंगतीपर्यंत, दाखवायला सांगा. कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवतो का, तेही विचारा. एकच कार्ड बिघडलं तर सप्तपदी पुन्हा घालता येत नाही.

आणि शनिवारवाड्यासाठी मला फोन करू नका. तो बघायला जा, तिकीट काढून.