संकटापूर्वीचा निरोप

चरकसंहितेच्या विमानस्थानातील ‘जनपदोद्ध्वंसनीय’ हा तिसरा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. काम्पिल्य नगरीजवळ गंगातीरावरील वनात विहार करताना पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात, की उद्ध्वंस होण्यापूर्वी, भूमी विरस होण्याआधीच औषधींचा संग्रह करून ठेवावा. वायू, जल, देश व काल यांच्या विकृतीची चर्चा आपण नेहमी करतो. परंतु प्रारंभीच्या या सूचनेकडे पुरेसे लक्ष जात नाही, असे आम्हांस वाटते. योग्य माहिती, योग्य व्यक्तीस, संकटापूर्वी मिळणे हाच सज्जतेचा पाया होय.

१९८४ च्या डिसेंबरात २ व ३ तारखांच्या मधल्या रात्री भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू पसरला. नागरिकांसाठी असलेला भोंगा सुरू होऊन लगेच बंद करण्यात आला. तोंडावर ओले फडके धरावे, एवढेही भोवतालच्या वस्तीस कोणी आधी सांगितलेले नव्हते. रुग्णालयांत रुग्णांची रीघ लागली, तेव्हा चिकित्सकांना त्या विषाचे नावही ठाऊक नव्हते. हेतू अज्ञात असता चिकित्सा कशी करावी?

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम् येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग शाकारलेल्या छपरास लागली आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेतून उद्भवलेल्या याचिकेवर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील अग्निसुरक्षेविषयी निर्देश दिले. तथापि, भिंतीवर टांगलेले अग्निशामक यंत्र कोणी व कसे चालवावे, हे कोणास ठाऊक नसेल, तर त्याचा उपयोग काय?

हा प्रश्न प्रथम आपल्याच औषधशाळेस विचारला पाहिजे. स्नेहपाकाच्या वेळी तेल पेटले, तर घाबरलेला कामगार पाणी ओततो. ते तळाशी जाऊन क्षणात त्याची वाफ होते आणि पेटते तेल चौफेर उडते. इंधन बंद करावे, शक्य असल्यास कढईवर धातूचे झाकण सरकवावे, अन्यथा सर्वांनी बाहेर पडावे, हे प्रत्येक कामगारास त्याच्या भाषेत सांगून करवून घेतले पाहिजे. बाहेर पडण्याच्या दारापुढे खोकी रचू नयेत. तेल, तूप, स्पिरिट कोठे व किती साठवले आहे, याचा तक्ता दाराशी असावा, म्हणजे अग्निशमन दलाच्या जवानांवर भोपाळच्या चिकित्सकांसारखी अंधारात चाचपडण्याची वेळ येणार नाही.

शाळांच्या आरोग्य तपासणीस आपण जातोच; तेथे आणखी अर्धा तास द्यावा. सुश्रुताचार्यांनी धूमोपहताची लक्षणे स्वतंत्रपणे वर्णिली आहेत. आगीत ज्वालेइतकाच धूरही घातक असतो. धुरातून खाली वाकून बाहेर पडावे, ठरलेल्या जागी जमावे आणि शिक्षकांनी हजेरीपटावरून मुले मोजावीत, याचा सराव वर्षातून किमान दोनदा व्हावा. ११२, १०१ व १०८ हे क्रमांक ठळक लिहावेत. दूरध्वनी कोण करील आणि त्याच्या अनुपस्थितीत दुसरे कोण, हेही नावानिशी ठरवावे. निरोपात चारच गोष्टी असाव्यात: ठिकाण, काय घडले, किती जण अडकले आणि तेथे कोणता ज्वालाग्राही वा विषारी पदार्थ आहे.

या कार्यास फारसा खर्च नाही. हा अंक मिटण्यापूर्वी प्रत्येक वैद्याने व औषधनिर्मात्याने आपल्या वास्तूतून बाहेर पडण्याची वाट एकदा स्वतः चालून पाहावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.