किशनजी : पाठमोरा नेता आणि बुरीशोलचे जंगल

२४ नोव्हेंबर २०११ रोजी पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातील बुरीशोलच्या जंगलात मल्लोजुला कोटेश्वर राव ऊर्फ किशनजी मारला गेला. माओवादी पक्षाच्या पॉलिट ब्युरोचा हा सदस्य. त्यानंतर बंगालच्या जंगलमहालात ती चळवळ पुन्हा उभी राहू शकली नाही. एका माणसाच्या जाण्याने असे का व्हावे?

तेलंगणातील पेद्दपल्लीचा हा तरुण विद्यार्थी चळवळीतून भूमिगत झाला. १९८० मध्ये स्थापन झालेल्या पीपल्स वॉरच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत तो होता. पुढे संघटनेने त्याला बंगालकडे धाडले.

भूमिगत नेत्याने अदृश्य राहावे, हा शिरस्ता. किशनजीने तो मोडला. कॅमेऱ्याकडे पाठ, डोक्यावर गमछा आणि खांद्याला रायफल अशा थाटात तो वार्ताहरांशी बोले. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत स्वतः दूरध्वनी करी. नोव्हेंबर २००८ मध्ये मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यांच्या ताफ्याच्या मार्गावर शालबनीजवळ सुरुंगस्फोट झाला. त्यानंतरच्या पोलिसी धरपकडीने संतापलेले लालगडचे आदिवासी रस्त्यावर उतरले आणि त्या असंतोषावर माओवाद्यांनी मांड ठोकली. पळवून नेलेल्या एका ठाणेदाराची सुटका त्यांनी अटकेतील आदिवासी महिलांच्या जामिनाच्या बदल्यात केली. फेब्रुवारी २०१० मध्ये सिल्दाच्या छावणीवरील हल्ल्यात २४ जवान ठार झाले. त्याची जबाबदारीही किशनजीने दूरध्वनीवरूनच घेतली. 'खबऱ्या' ठरवून गावोगाव ज्यांचे मुडदे पाडले गेले, त्यांत गरीब गावकरीही होते. त्यांची नावे मात्र या मुलाखतींत आली नाहीत.

चळवळ अशी एकाच आवाजाशी जखडली गेली. तीच तिची दुबळी बाजू ठरली. मे २०११ मध्ये ममता बॅनर्जी सत्तेवर आल्या, वाटाघाटींचे प्रयत्न फिसकटले आणि संयुक्त दलांची मोहीम पुन्हा सुरू झाली.

मृत्यू चकमकीतच झाला, असे पोलीस सांगतात. आधी पकडून, छळ करून मारले, असा आरोप वरवरा राव आणि मानवाधिकार कार्यकर्त्यांनी देहावरील जखमांकडे बोट दाखवून केला. राज्य सरकारने चौकशी सीआयडीकडे सोपवली. वाद शमला नाही.

किशनजीची पत्नी सुजाता सप्टेंबर २०२५ मध्ये तेलंगण पोलिसांना शरण आली. पुढच्याच महिन्यात त्याचा धाकटा भाऊ वेणुगोपाल ऊर्फ भूपती, तोही पॉलिट ब्युरोचाच सदस्य, आपल्या ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापुढे आला आणि त्याने शस्त्र खाली ठेवले.