माफी दिली आणि खटलाही चालला

२२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशाच्या केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर या आदिवासी गावात ग्रॅहॅम स्टेन्स आपल्या दोन मुलांसह गाडीतच झोपले होते. मोठा मुलगा दहा वर्षांचा, धाकटा सहा. मध्यरात्रीच्या सुमारास जमाव चालून आला. त्याने गाडीखाली पेंढा सारून पेटवला आणि आतल्या तिघांना बाहेर पडू दिले नाही. १९६५ पासून ओडिशात राहून बारीपदाच्या कुष्ठधामात रुग्णांची सेवा करणाऱ्या या ऑस्ट्रेलियन मिशनऱ्याच्या पत्नीने, ग्लॅडिस स्टेन्स यांनी, मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे लवकरच जाहीर केले. देशभर त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण या कौतुकात एक समजूत शिरली आणि ती अजून टिकून आहे : विधवेनेच माफ केले म्हटल्यावर इतरांनी तो विषय उगाळत बसू नये. त्यानंतरची सव्वीस वर्षे नीट पाहिली तर ही समजूत टिकत नाही.

ग्लॅडिस यांच्या क्षमेने तपासाचे एक पाऊलही थांबले नाही. मुख्य आरोपी दारासिंग ऊर्फ रवींद्रकुमार पाल वर्षभर हाती लागत नव्हता, तो जानेवारी २००० मध्ये पकडला गेला. सप्टेंबर २००३ मध्ये भुवनेश्वरच्या न्यायालयाने त्याला फाशी आणि इतर बारा जणांना जन्मठेप सुनावली. मे २००५ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली, महेंद्र हेम्ब्रम याची जन्मठेप कायम ठेवली आणि उरलेल्या अकरा जणांना सोडून दिले. ही सुटका माफीमुळे झाली असे अनेकांना वाटते. तसे नाही. त्या अकरांविरुद्धचा पुरावा न्यायालयाला पुरेसा वाटला नाही, आणि तिघांचे मृत्यू एकट्या दारासिंगच्या कृत्याने झाले असे म्हणता येत नाही, असा न्यायालयाचा मुद्दा होता. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच निकाल कायम केला. स्टेन्स यांना त्यांच्या धर्मकार्याबद्दल धडा शिकवणे हा मारेकऱ्यांचा हेतू होता, अशा अर्थाची टिप्पणी त्या निकालात होती. खुनाला ही जणू सबब पुरवली जाते आहे, असा आक्षेप देशभरातून आला आणि चारच दिवसांत न्यायालयाने स्वतःहून ती वाक्ये बदलली. क्षमेचा आदर करणारी माणसेच तेव्हा निकालातल्या शब्दांसाठी भांडत होती, आणि त्यात त्यांना काहीही विसंगत वाटले नाही. हत्येनंतर ग्लॅडिस लगेच बारीपदा सोडून गेल्या नव्हत्या. पाच वर्षे त्यांनी कुष्ठधाम सांभाळले, २००४ मध्ये तिथे पतीच्या नावाचे रुग्णालय सुरू झाले, मग त्या ऑस्ट्रेलियाला परतल्या. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सूड नको, द्वेष नको, पण कायद्याने आपले काम करावे, ही त्यांची भूमिका या सगळ्या वर्षांत ढळली नाही.

ही भूमिका त्यांनी सोयीसाठी घेतली नव्हती. ती ख्रिस्ती धर्मग्रंथातूनच येते. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल एका अध्यायात सूड घेऊ नका असे बजावतो आणि लगेच पुढच्या अध्यायात दुष्कर्म्याला शासन करणे हे सत्ताधाऱ्याचे काम ठरवतो. व्यक्तीने हात आवरायचा तो राज्याने डोळे मिटावेत म्हणून नव्हे. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय येशू घरी आल्यावर नुसता पश्चात्ताप करून थांबत नाही, ज्याला लुबाडले त्याला चौपट परत देईन म्हणतो. म्हणजे क्षमेच्या या परंपरेत नुकसानभरपाईला जागा आहे, शिक्षेलाही आहे. पोप जॉन पॉल दुसरे डिसेंबर १९८३ मध्ये आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या अलि आग्जाला तुरुंगात जाऊन भेटले. त्यांनी त्याला आधीच माफ केले होते, तरी आग्जा इटलीच्या तुरुंगातून सुटला तो २००० मध्ये, आणि तेही राष्ट्राध्यक्षांनी माफी दिल्यावर.

क्षमेच्या या कल्पनेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की माफीची अपेक्षा नेहमी दुबळ्यांकडूनच केली जाते. मारहाण सोसणाऱ्या बाईला सांगतात माफ कर, घर जळालेल्या अल्पसंख्याकाला सांगतात विसरून जा, आणि धर्माचे नाव घेतले की नकार देणारा वाईट ठरतो. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि ओडिशातच त्याचा पुरावा आहे. ऑगस्ट २००८ मध्ये स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांच्या हत्येनंतर कंधमालमध्ये ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले झाले. तक्रार मागे घ्या म्हणून दबाव येतो, असे पीडित सांगत राहिले. त्या वेळी कटक-भुवनेश्वरचे आर्चबिशप राफाएल चिनाथ यांनी विश्वासूंना क्षमेचा उपदेश करून घरी बसणे पत्करले नाही, ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१६ च्या निकालात आकडे नोंदले गेले : ८२७ गुन्हे दाखल, त्यांपैकी ३१५ मध्ये आरोपपत्रच नाही, पोलिसांनी अंतिम अहवाल देऊन ती बंद केलेली. खटले पूर्ण झाले ३६२, शिक्षा झाली ती अवघ्या ७८ मध्ये. बंद केलेली प्रकरणे पुन्हा तपासा आणि भरपाई वाढवा, असे न्यायालयाने सांगितले. त्याच महिन्यात चिनाथ यांचे मुंबईत निधन झाले. एका धर्मगुरूने शेवटची वर्षे खटल्यात घालवली, याला कोणी क्षमाशीलतेचा अभाव म्हणणार असेल तर त्याला क्षमा कळलेलीच नाही. ज्याला न्याय मागायची मोकळीक नाही, त्याच्या तोंडून काढलेली माफी ही दहशतीचीच पुढची पायरी असते.

दुसरा आक्षेप पश्चात्तापाचा. गुन्हेगाराला खंतच नसेल तर माफी कशाची? मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांना फेब्रुवारी १९९५ मध्ये समुंदरसिंग याने बसमध्ये भोसकून मारले. त्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारिया यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, इंदूरच्या तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. त्याला मनापासून पश्चात्ताप झाला होता, कुटुंबाने सुटकेसाठी शब्द टाकला आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. इथे क्रम महत्त्वाचा आहे : आधी गुन्हा सिद्ध झाला, बरीच वर्षे शिक्षा भोगून झाली, मग सुटका. ग्लॅडिस यांनी मात्र मुख्य आरोपी पकडला जाण्याआधीच माफ केले. दोन्ही खरेच. द्वेष मनात न ठेवण्याचा निर्णय पीडिताचा एकट्याचा असतो, त्याला समोरच्याच्या पश्चात्तापाची वाट पाहावी लागत नाही. शिक्षा कमी करायची की नाही, हे मात्र पश्चात्ताप, वर्तन आणि कायदा पाहून राज्याने ठरवायचे. एप्रिल २०२५ मध्ये महेंद्र हेम्ब्रम चांगल्या वर्तणुकीच्या आधारावर केओंझरच्या तुरुंगातून सुटला, तोही पंचवीस वर्षे आत काढल्यावर. अशा सुटकेवर मतभेद होऊ शकतात, पण तिचा निर्णय शासनाच्या नावावर आहे. तो ग्लॅडिस यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

ग्लॅडिस यांना क्षमा परवडली कारण सीबीआयने तपास केला, तीन न्यायालयांत खटला चालला आणि निकाल लागला. कंधमालच्या बहुतेकांच्या वाट्याला असा न्याय आला नाही. म्हणून त्यांना मोठ्या मनाने विसरायला सांगण्याआधी, ती ३१५ प्रकरणे पुढे कुठवर गेली, हे ज्याने त्याने आधी ओडिशा सरकारला विचारावे.