वरवंट्यापासून बियाण्यापर्यंत

बाळाचे बारसे असले म्हणजे घरातल्या बायका काय करतात ते आठवा. रोजच्या वाटणाचा वरवंटा स्वच्छ धुतात, त्याला हळदकुंकू लावतात, पाळण्याभोवती फिरवतात आणि मग बाळाजवळ पाळण्यात ठेवतात. बाळ या दगडासारखे कणखर व्हावे, निरोगी राहावे, हा त्यामागचा हेतू. या कार्यात भटजी लागत नाही. सगळे बायकाच करतात. पण घरात तांब्या-पितळेची भांडी असताना हा मान मिरची वाटायच्या दगडालाच का, असा प्रश्न कधी तुमच्या मनात आला आहे का?

हा प्रश्न एका मराठी माणसाला पडला. नवल असे, की तो ना पुराणिक होता, ना इतिहासाचा प्राध्यापक. तो होता गणिती! त्याचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. नाणी, संस्कृत काव्य, पिकांची आनुवंशिकता आणि खेड्यातले देव, अशा चार दिशांना या एकाच माणसाने संशोधन केले. त्याची हकीकत शेतकरी घरांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे.

बाप तसा बेटा

कोसंबी घराणे मूळचे गोव्याचे. वडील धर्मानंद यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते. पण बुद्धाविषयी जाणून घ्यायची ओढ अशी, की १८९९ साली ते घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असे हिंडत त्यांनी संस्कृत आणि पाली या भाषा आत्मसात केल्या. पुढे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना पाली ग्रंथांच्या कामासाठी बोलावून घेतले.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा. वडिलांबरोबर ते अमेरिकेला गेले आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन परतले. बनारस आणि अलीगढ येथे काही वर्षे शिकवून १९३३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्यानंतर १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

नाण्यांचे वजन बोलू लागले

तक्षशिला येथे, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, जमिनीत पुरलेली जुनी चांदीची नाणी सापडली होती. त्यांवर ना राजाचे नाव, ना साल. नुसत्या खुणा ठोकलेल्या. मग आधीचे नाणे कोणते आणि नंतरचे कोणते, हे ठरवायचे कसे?

कोसंबींनी सोनाराकडे असतो तसा नाजूक तराजू घेतला. त्यांचे म्हणणे साधे होते. नाणे हातोहात फिरले की झिजते. जास्त फिरले की जास्त झिजते. एकट्या नाण्यावरून काही सांगता येत नाही, पण शेकडो नाण्यांची सरासरी काढली तर सांगता येते. हे पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही हजारोंनी वजन करून पाहिली. मग जुन्या नाण्यांकडे वळल्यावर दिसले, की मागच्या बाजूला जितक्या जास्त बारीक खुणा, तितके नाणे हलके. म्हणजे त्या काळचे सराफ नाणे तपासून वेळोवेळी खूण ठोकत असले पाहिजेत. ज्या नाण्यांवर अक्षर नाही, त्यांच्याकडून अशी साक्ष मिळाली.

हीच चिकाटी त्यांनी भर्तृहरीच्या संस्कृत श्लोकांसाठी दाखवली. नावाप्रमाणे श्लोक तीनशे. पण शेकडो वर्षे नकला होता होता त्यात इतकी भर पडली होती, की निरनिराळ्या पोथ्यांत मिळून साडेआठशेवर श्लोक निघाले. गहू निवडावा तसे त्यांनी ते निवडले. सगळ्या परंपरांत साधारणपणे सापडतात असे सुमारे २०० श्लोक वेगळे काढून १९४८ साली शुद्ध आवृत्ती छापली.

बियाण्याचा हिशेब

आता तुमच्या शेताशी थेट जोडलेली गोष्ट. बियाणे तयार करणारे शास्त्रज्ञ दोन वाणांचा संकर करतात. एकाचे रोगाला दाद न देणे आणि दुसऱ्याचे लवकर पिकणे, असे गुण एकत्र आणायचे असतात. हे गुण बीजाच्या आत जणू माळेतल्या मण्यांसारखे ओवलेले असतात. जवळचे मणी बहुधा बरोबर जातात. लांबचे मणी, माळ मध्येच तुटून दुसऱ्या माळेला जोडली गेली की, वेगळे होतात. शंभर रोपांपैकी किती रोपांत दोन गुणांची ताटातूट झाली हे मोजले, की मण्यांमधल्या अंतराचा अंदाज येतो.

पण यात एक मेख आहे. पहिल्या आणि दुसऱ्या मण्याची ताटातूट शंभरात २० रोपांत झाली, दुसऱ्या आणि तिसऱ्याचीही २० रोपांत झाली, तर पहिल्या आणि तिसऱ्याची ४० रोपांत व्हायला हवी ना? प्रत्यक्षात कमी दिसते. कारण काही वेळा माळ दोन ठिकाणी तुटते आणि दोन्ही टोकांचे मणी पुन्हा एकाच माळेत येतात. तशात माळ एकदा जिथे तुटली, त्याच्या अगदी जवळ ती पुन्हा तुटण्याचा संभव कमी असतो. या दोन्ही गोष्टी हिशेबात धरणारे सूत्र कोसंबींनी १९४४ साली मांडले. त्या सूत्राप्रमाणे वरचे उत्तर ४० नव्हे, ३४ ते ३५ येते.

भात, गहू, ज्वारी अशा पिकांचे जनुकनकाशे तयार करताना जगभर आजही हे सूत्र कोसंबींच्या नावाने वापरतात. नकाशा असला म्हणजे हवा तो गुण रोपात आला की नाही, हे रोगाची वाट न पाहता तपासता येते. बाजरीवरच्या गोसावी रोगाला तोंड देणारे एक सुधारित संकरित वाण याच रीतीने तयार होऊन २००५ साली हरियाणात प्रसारित झाले.

धनगरांच्या वाटेवर

कोसंबी नुसते खोलीत बसून हिशेब करणारे नव्हते. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि खेडी त्यांनी पायी तुडवली. म्हसोबा, बोल्हाई, तुकाई, वेताळ अशा देवांची ठाणी पाहिली. धनगरांशी, पारध्यांशी ते तासन् तास बोलत.

अशा काही ठाण्यांच्या जवळ त्यांना गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक, धारदार पाती सापडली. लोखंड माहीत नव्हते त्या काळातल्या माणसांची ही हत्यारे. मेंढ्यांना फार पाऊस सोसत नाही, म्हणून धनगर पावसाळ्यात कमी पावसाच्या मुलखात राहतात आणि उघडीप झाली की पश्चिमेकडे सरकतात. वाटेत आपल्या शेतात मेंढ्या बसवून खत देतात आणि धान्य घेतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कोसंबींनी अनुमान केले, की या वाटा फार जुन्या आहेत आणि वाटेवरचे देवही.

पुरंदर तालुक्यातल्या वीर गावी म्हस्कोबाचे लग्न जोगूबाईशी लागते. दुसरीकडे देवी महिषासुराला मारते. कोसंबींचा तर्क असा, की गुरे-मेंढ्या राखणारे लोक आणि त्यांच्या आधीचे रानावर जगणारे लोक जिथे एकत्र नांदू लागले, तिथे त्यांच्या देवांचे लग्न लागले. जिथे भांडण राहिले, तिथे देवीने महिषाला मारले. हा तर्क सगळ्यांना पटला नाही. पण देवळाच्या कथेतून शेतीचा इतिहास शोधता येतो, ही वाट त्यामुळे अनेकांना दिसली.

आणि वरवंटा? पाटा-वरवंट्यासारखे वाटण्याचे दगड धातूच्या कितीतरी आधीपासून माणसाच्या, विशेषतः बाईच्या, हातात आहेत. म्हणून बारशाचा हा विधी अश्मयुगापासून चालत आला असावा, असे कोसंबींचे मत होते. पोथीत नसलेली गोष्ट बायकांच्या हातांनी जपली!

तुमच्या घरातले धन

घरातल्या जुन्या गोष्टींना कमी लेखू नका. आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर आजच वहीत उतरवून घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडीच्या बायांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. त्या वेळी कोणी लिहून घेतल्या नसत्या तर त्या बायांबरोबरच त्याही गेल्या असत्या.

नांगराला किंवा विहीर खणताना जुनी नाणी, मूर्ती, ताम्रपट लागला तर घासूनपुसून लखलखीत करू नका आणि सोनाराच्या मुशीत तर मुळीच घालू नका. झीज, खुणा आणि सापडल्याची जागा हीच त्याची भाषा असते. कोणत्या शिवारात, किती खोल, कशासोबत सापडले ते टिपून ठेवा. जमिनीत सापडलेल्या गुप्तधनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारकही आहे. तहसील कचेरीत कळवले तरी पुढची वाट कळेल.

आणि शेवटची गोष्ट मुलांची. एखादे पोर “हे असंच का?” म्हणून विचारू लागले तर “गप बस” म्हणू नका. मोजायला ताजवा द्या, लिहायला वही द्या, विचारायला म्हाताऱ्या माणसाजवळ बसवा. गणित, इतिहास, शेती, देवधर्म अशा भिंती पुस्तकांत असतात. जिज्ञासेला त्या आडव्या येत नाहीत.