मेघातील दप्तर आणि हातातील पाटी

आमच्या शाळेतून काही वर्षांपूर्वी एक ज्येष्ठ मराठी शिक्षक निवृत्त झाले. शाळेच्या हस्तलिखित वार्षिकाचे जुने अंक वाळवीच्या तोंडी पडत आहेत हे त्यांना सहन होत नसे. निवृत्तीनंतरचे दोन उन्हाळे खर्ची घालून त्यांनी त्या अंकांचे एकूण एक पान आपल्या मोबाइलने टिपून घेतले. एवढ्यावरच न थांबता भालकी व औराद तालुक्यांतील खेड्यांत हिंडून वृद्ध स्त्रियांच्या तोंडच्या जात्यावरील ओव्याही त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. "सर, आता सारे क्लाउडवर आहे. तेथे वाळवी कशी पोचणार?" असे ते मोठ्या समाधानाने मला म्हणाले होते.

पुढे गुरुजी वारले. त्यांचा मोबाइल क्रमांक यथावकाश बंद झाला. त्यांच्या खात्याचा पासवर्ड घरात कोणासही ठाऊक नव्हता, आणि तो नव्याने मिळविण्यासाठी लागणारा सांकेतिक अंक त्या बंद झालेल्या क्रमांकावरच जावयाचा होता. इकडे, सर्व काही क्लाउडवर आहे या भरवशावर मूळ अंकांकडे आम्ही दुर्लक्ष केले होते. एका पावसाळ्यात गळक्या खोलीत त्यांचा लगदा झाला. यात दोष द्यावयाचा तर तो आमच्या अज्ञानासच दिला पाहिजे. तेच अज्ञान इतर शाळांत व संस्थांत असू नये, एवढ्याच हेतूने क्लाउड आणि स्वस्त टॅब्लेट या दोन नित्याच्या वस्तूंविषयी येथे थोडे विवेचन करीत आहे. मी कला शाखेचा पदवीधर आहे, यंत्रशास्त्राचा नव्हे. परंतु दप्तर सांभाळणे हा माझ्या पेशाचा भाग आहे, आणि प्रश्नही मुळात दप्तराचाच आहे.

आम्हा सीमाभागातील मराठी भाषकांना हा प्रश्न अधिक निकडीचा वाटतो, त्याला कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद आणि आजचे बसवकल्याण म्हैसूर राज्यात, म्हणजे १९७३ पासूनच्या कर्नाटकात आले. त्यामुळे येथील एकाच घराच्या पेटीत मोडीतील खत, निजामी अमदानीतील उर्दू कागद, देवनागरीतील पोथी आणि नातवाची कन्नड गुणपत्रिका अशी चारी लिप्यांची कागदपत्रे एकत्र नांदताना दिसतात. ही आमची श्रीमंती आहे. परंतु गावोगावच्या मराठी शाळांचे, वाचनालयांचे व भजनी मंडळांचे कागद कोणी सांभाळावयाचे, हे कोठेही ठरलेले नाही. ते काम ज्याच्या त्याच्या हौसेवर चालते, आणि हौसेचे साधन आज मोबाइल अथवा टॅब्लेट हेच आहे.

प्रथम क्लाउडचा विचार करू. क्लाउड म्हणजे मेघ. परंतु हे नाव फसवे आहे, कारण यातील कोणतीही वस्तू आकाशात नसते. कोठेतरी अवाढव्य इमारती असतात. त्यांत हजारो संगणक अहोरात्र चालू असतात व त्यांना थंड ठेवण्यासाठी पुष्कळ वीज खर्ची पडते. आपण टिपलेले छायाचित्र इंटरनेटच्या मार्गाने तेथे जाते आणि बहुधा एकाहून अधिक यंत्रांवर त्याच्या प्रती ठेवल्या जातात. म्हणून एखादे यंत्र बिघडले तरी आपली वस्तू सहसा नष्ट होत नाही. थोडक्यात, क्लाउड ही दुसऱ्याची वखार आहे. बिदर-कलबुर्गीच्या शेतकऱ्यास तूर वखारीत ठेवण्याचा व्यवहार चांगला ठाऊक आहे. वखारीत तूर पावसापासून व उंदरांपासून सुरक्षित राहते हे खरे. परंतु भाडे, मुदत आणि पावती या तीन गोष्टी ज्याने सांभाळल्या नाहीत, त्याची तूर त्याची राहत नाही.

भाड्याचे पाहा. गूगलच्या वैयक्तिक खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. तीत टपाल, कागदपत्रे व छायाचित्रे ही सर्व धरली जातात. पूर्वी किंचित कमी प्रतीची छायाचित्रे कितीही ठेविता येत असत. ती सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली. मुदतीचे पाहा. वैयक्तिक खाते सलग दोन वर्षे वापरले गेले नाही, तर ते त्यातील सर्व संग्रहासह पुसून टाकण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला असून, डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली आहे. आणि पावती म्हणजे पासवर्ड व त्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक. गुरुजींची पावती त्यांच्याबरोबरच गेली.

येथे आणखी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मोबाइल व क्लाउड एकमेकांशी जोडून ठेवण्याच्या ज्या व्यवस्थेस 'सिंक' म्हणतात, ती व्यवस्था आरशासारखी आहे. मोबाइलमध्ये नवे चित्र आले की ते क्लाउडमध्येही दिसू लागते. त्याचप्रमाणे मोबाइलमधील 'जागा मोकळी करण्यासाठी' एखादे चित्र पुसले, तर पुष्कळदा ते क्लाउडमधूनही पुसले जाते. पुसलेली वस्तू काही काळ टोपलीत राहते. गूगल ड्राइव्हमध्ये हा काळ ३० दिवसांचा आहे. त्यानंतर ती कायमची जाते. आरशातील प्रतिबिंबास दुसरी प्रत म्हणता येत नाही, तद्वत सिंकलाही सुरक्षित प्रत समजणे चुकीचे होय. एकीकडे झालेल्या चुकीची झळ जिला लागत नाही, तीच खरी दुसरी प्रत.

१५ जीबीत काय मावते याचा हिशेब शिक्षकांनी एकदा मांडून पाहावा. मोबाइलने टिपलेले एक पान सुमारे ३ एमबी जागा घेते असे धरले, तर १५ जीबीत पाच हजार पाने बसतात. मिनिटास १ एमबी या मानाने ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले, तर अडीचशे तास. उलट, चांगल्या प्रतीचे चलच्चित्र जेमतेम दोन तास. आता टंकलिखित मजकूर पाहू. युनिकोडच्या सर्वाधिक प्रचलित रूपात देवनागरीतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते. पानात दीड हजार चिन्हे धरली, तर तीनशे पानांचे पुस्तक दीड एमबीच्या आतच बसते; म्हणजे संबंध पुस्तकास एका पानाच्या छायाचित्राहूनही कमी जागा पुरते! शिवाय छायाचित्रात शब्द शोधता येत नाही, टंकलिखितात येतो. वार्षिकातील एखादी उत्तम कथा मुलांकडून टंकून घेण्याचा उद्योग म्हणूनच वेळ वाया घालविणारा नाही.

आता हातातील पाटीकडे वळू. स्वस्त टॅब्लेटची कल्पना आपल्या देशात गाजली ती 'आकाश'मुळे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्ली येथे त्याचे प्रकाशन झाले. सरकारला तो सुमारे २,२७६ रुपयांस पडत होता व विद्यार्थ्यांना त्याहून पुष्कळ कमी किमतीत मिळावयाचा होता. परंतु २५६ एमबीची कार्यस्मृती, मंद गतीचा संस्कारक आणि बोटाने दाबावा लागणारा पडदा यांमुळे विद्यार्थी कंटाळून जात. पुढल्याच वर्षी सुधारलेली आवृत्ती आली खरी, परंतु योजना काही वर्षांत मावळली. तथापि स्वस्त पाटीची गरज मावळली नाही. मार्च २०२० मध्ये महामारीने शाळा बंद पडल्या तेव्हा आमच्या खेड्यांतील पालकांनी ऐपतीनुसार मोबाइल व टॅब्लेट घेतले. ते आजही घराघरांत आहेत.

टॅब्लेट घेताना दोन आकडे सांगितले जातात, आणि त्यांत नेहमी घोटाळा होतो. कार्यस्मृती, म्हणजे रॅम, ही वर्गातील फळ्यासारखी असते; तास चालू असेतो तिच्यावर लिहावयाचे, तास संपला की पुसावयाचे. साठवण ही कपाटासारखी असते. फळा लहान असेल तर कपाट कितीही मोठे असले तरी काम रखडते. शिवाय खोक्यावर '३२ जीबी' असे छापलेले असले, तरी त्या कपाटाचे बरेच खण यंत्राच्या स्वतःच्या सामानानेच भरलेले असतात. स्वस्त टॅब्लेटचा याहून मोठा दोष असा, की निर्माता त्याची अंतर्गत प्रणाली अद्ययावत करणे लवकरच थांबवितो. मग नवी ॲप त्यावर चालेनाशी होतात आणि सुरक्षिततेची छिद्रे बुजविली जात नाहीत. बाजारात अत्यल्प किमतीत मिळणारी काही मेमरी कार्डे तर उघडच खोटी असतात. त्यांची खरी धारणशक्ती छापलेल्या आकड्याहून फारच कमी असते, परंतु ती भरल्यावरही सर्व काही ठीक असल्याचा देखावा चालू राहतो. म्हणून नवे कार्ड पूर्ण भरून, त्यातील सर्व फायली उघडून पाहिल्यावाचून त्यावर विसंबू नये.

आणखी एक सर्वत्र दिसणारी चूक सांगितली पाहिजे. जुनी पाने टिपून ती व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठविली जातात. तसे केल्याने चित्राचा आकार व बारकावा घटतो, आणि मोडीतील नाजूक वळणे वाचेनाशी होतात. तेच चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविले तर मूळ रूपात पोचते.

परंतु कपाट आणि किल्ली शाबूत असूनही दप्तर निरुपयोगी ठरू शकते. लिपीच हरवली तर ते घडते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेविले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांना तिची उकल होईपर्यंत ते बाहेरच्या वाचकास बंदच राहिले, हे आपण जाणतोच. तसाच प्रकार अजाणता आपल्या हातून घडला आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर टंकलेल्या मराठी मजकुरापैकी पुष्कळसा त्या त्या फाँटपुरत्या संकेतांत आहे. तो फाँट नसेल तर पडद्यावर केवळ रोमन अक्षरांचा पाचोळा दिसतो. युनिकोडने ही अडचण दूर केली. प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षरास जगभर एकच क्रमांक मिळाला. देवनागरी व कन्नड आरंभापासून त्यात आहेत, 'ॲ' हे अक्षर २००८ मध्ये आले व मोडी २०१४ मध्ये. म्हणजे आमच्या पेटीतील चारी लिप्यांना आता एकाच पाटीवर जागा आहे. तरीही दक्षता हवीच. 'दुसऱ्या' या शब्दातील जोडाक्षर निरनिराळ्या कळफलकांवर दोन भिन्न प्रकारे घडविले जाते. डोळ्यांस ते सारखे दिसते, परंतु शोध घेताना यंत्र एकास ओळखते व दुसऱ्यास वगळू शकते. सबंध शाळेने एकच कळफलक व एकच रीत ठरविणे हाच यावर उपाय.

ग्रंथ टिकतात कसे, याचा धडा आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातच आहे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत खालशाच्या धाडीत नष्ट झाली असे परंपरा सांगते. ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या, म्हणून तो ग्रंथ आज आपल्या हाती आहे, आणि म्हणूनच त्याचे पाठही निरनिराळे आहेत. उलट उदाहरण आमच्या बिदर शहरातच उभे आहे. महमूद गवानाच्या मदरशाची इमारत १४७२ मध्ये पूर्ण झाली. तेथील ग्रंथालयात सुमारे तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने त्या इमारतीचा मोठा भाग कोसळला. निळ्या फरशीकामाचा उरलेला मनोरा आम्ही दरवर्षी मुलांना दाखवितो. ग्रंथ मात्र दाखविता येत नाहीत. एका जागी, एका धन्याच्या आश्रयाने राहिलेला संग्रह कितीही वैभवशाली असला, तरी त्याचे आयुष्य त्या जागेच्या व त्या धन्याच्या आयुष्याएवढेच, असे मानून चालणे शहाणपणाचे.

गुरुजींच्या संग्रहाचेही तसेच झाले. त्यांच्या ओव्यांपैकी सातच आज आमच्याजवळ आहेत. त्या त्यांनी सहज म्हणून एका माजी विद्यार्थ्यास पाठविल्या होत्या आणि पडदा तडकलेल्या त्याच्या स्वस्त टॅब्लेटमध्ये त्या सापडल्या.

या अनुभवानंतर आम्ही काही नियम ठरविले. प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती ठेवावयाच्या: एक क्लाउडवर, एक शाळेच्या हार्ड डिस्कवर व एक दुसऱ्या गावी एखाद्या स्नेह्याकडे. खाते व्यक्तीच्या नावे नव्हे, तर शाळेच्या नावे उघडावयाचे. त्याचा पासवर्ड बंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवावयाचा आणि मुख्याध्यापक बदलला की प्रभार-यादीत त्याचीही नोंद करावयाची. वैयक्तिक खाते असल्यास, आपल्या पश्चात ते कोणास पाहता यावे याची नेमणूक करून ठेवण्याची सोय गूगलमध्ये आहे, ती वापरावी. फाइलला नाव देताना वर्ष, गाव व विषय हे तिन्ही लिहावेत. आणि मूळ कागद कोणत्याही सबबीवर रद्दीत टाकू नये.

शेवटचा नियम आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दरवर्षी २७ फेब्रुवारीस, मराठी भाषा गौरव दिनी, भाषणे आटोपल्यावर हे दप्तर उघडावयाचे. तिन्ही प्रती चालतात की नाहीत ते मुलांसमक्ष पाहावयाचे, आणि एखादी जुनी कथा अथवा ओवी त्यांना ऐकवावयाची. त्यामुळे खाते निष्क्रिय राहत नाही, आणि आपल्या शाळेत काय लिहिले गेले हे मुलांनाही कळते. साहित्यसंस्थांनी सीमाभागातील शाळांकडून अशा संग्रहाची निदान सूची तरी मागवून घ्यावी आणि शक्य तेथे एक प्रत आपल्याकडे ठेवावी, अशी माझी या पत्रिकेच्या वाचकांस विनंती आहे. तिसरी प्रत ठेवण्यास आम्हांस दुसरे गाव हवेच आहे.